सर्जेरावांचं एक्सेल आणि माझी जळजळ

कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर फाइली साठतात ना, तसे आमच्या गल्लीतले किस्से माझ्याकडं साठलेत. 'फायनल', 'फायनल नवीन', 'आता खरंच फायनल' अशी एकेक पडत जाते आणि एक दिवस मागचा देवाचा फोटोच दिसेनासा होतो. मग थोडं आवरायला लागतं. आज तेवढंच करतोय. यात मीठमसाला किती ते विचारू नका. कोल्हापुरात तो वेगळा मागावा लागत नाही!

माझं फ्लेक्स बॅनरचं दुकान, तालमीच्या बरोबर समोर. आयुष्यात दोघांवर जीव टाकला. एक बायको, दुसरं फोटोशॉप. (क्रम बायकोला विचारून लिहिलाय.) गणपती, जयंती, कुस्तीचं मैदान, वाढदिवस, तालमीचं प्रत्येक बॅनर माझ्या हातचं. चौकात बॅनर लागलं की लोक वर बघायचे आणि मी लोकांकडं बघायचो.

मग साखर कारखान्याच्या ऑफिसातनं रिटायर झालेल्या सर्जेरावांनी माझ्या शेजारचा गाळा घेतला आणि बॅनरचंच दुकान टाकलं. नोकरीत जन्मभर एकच सॉफ्टवेअर वापरलेलं. एक्सेल.

मी विचारलं, "सर्जेराव, बॅनर कशात करणार?"

"एक्सेलमधी."

"आणि लग्नपत्रिका?"

"एक्सेलमधीच की!"

मी पोट धरून हसलो. ते शेवटचं.

* * *

त्यांची पहिली लग्नपत्रिका. एक्सेलमध्ये पान कुठं तुटणार हे आधी नीट बघितलं नाही, की छापताना गंमत होते. नवरी पहिल्या पानावर राहिली आणि नवरदेव मागच्या पानावर गेला! माझ्या अंगात आनंद मावेना. मुलीचे वडील गारगोटीचे, भयंकर तापट. ते पत्रिका न्यायला येणार म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसलो.

पाहुण्यांनी पत्रिका उलटली, पुन्हा सुलटी केली. डोळ्यांत पाणी!

"काय डोकं लावलंय हो सर्जेराव! लग्नाआधी येगळी येगळी, आन् पान उलटलं की गाठ! असली पत्रिका आमच्या गारगोटीत कुणी बघितली न्हाय!"

त्या आठवड्यापासून माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "तुमच्यात नवरा-नवरी येगळी करून मिळत्यात का?"

* * *

तालमीचे अध्यक्ष म्हणजे अप्पा. गुळाचे व्यापारी. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, त्यामुळं आम्ही सगळे त्यांचे 'तम्मा', म्हणजे धाकटे भाऊ. त्यांचं लाडकं सॉफ्टवेअर नोटपॅड.

"तम्मा, ह्यात ठळक न्हाय, तिरकं न्हाय, रंग न्हाय, डोक्याला ताप न्हाय. माणसानं असंच असावं."

नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं, "अप्पा, कुठलं कुठलं सॉफ्टवेअर टाकू?"

अप्पा म्हणाले, "नोटपॅड टाक. पण डुप्लिकेट चालणार न्हाय. ओरिजनल टाक!"

असल्या माणसाच्या हातात माझी इज्जत! कारण तालमीचं काम कुणाला द्यायचं ते अप्पा ठरवणार. यंदा त्यांनी जाहीर केलं, "माझ्या वाढदिवसाला दोघं बी एकेक बॅनर लावा. ज्याचं पसंत पडंल त्याला तालमीचं सगळं काम. कायमचं!"

सर्जेराव शांतपणे म्हणाले, "हुतंय की. एक शीट वाढवू."

* * *

आता बॅनरमधली खरी मारामारी तुम्हाला सांगतो. वरचा मोठा फोटो कुणी बघत नाही. भांडणं होतात ती खाली, शुभेच्छुकांच्या फोटोंवरनं! "माझं तोंड त्याच्यापेक्षा बारीक का?" "मी दुसऱ्या रांगेत कसा?" फोटोशॉपमध्ये एकेक मुंडी कापून बसवताना मी किती शिव्या खाल्ल्या असतील!

सर्जेरावांनी काय केलं? प्रत्येकाला एक चौकोन. सगळे सारखे. आणि बटण दाबून नावं लावली अ ते ज्ञ!

कुणी चढ्या आवाजात आलं, की हे चष्मा पुसत म्हणायचे, "मी न्हाय लावलं मर्दा, एक्सेलनं लावलंय. त्याला कुठं तुमची भावकी माहीत हाय?"

भांडणं बंद! लोक हसत जायचे. मी आत फोटोशॉपपुढं हात जोडून बसायचो.

पण आमची गल्लीही काही साधी नाही. पुढच्या बॅनरवर बघतो तर पहिल्या रांगेत अण्णासाहेब, त्याच्या शेजारी अण्णासाहेब, पलीकडं अण्णासाहेब. बंडू, शिवा, पिंट्या, सगळ्यांनी नावं बदलून दिलेली! आणि चौकात जाऊन "ओ अण्णा!" म्हटलं की अख्खी तालीम वळून बघायला लागली.

* * *

तालमीच्या वस्तादांना कॉम्प्युटरमधलं दुसरं काही येत नाही, पण व्हिडिओ बघायचा एक प्लेअर त्यांना जीव की प्राण. कारण त्याचा आवाज शंभर टक्क्यांच्या वर जातो.

"ह्याला म्हणायचं सॉफ्टवेअर! बाकीची शंभरावर गार पडत्यात, ह्यो गडी तिथनं खरा सुरू हुतोय."

मोठे स्पीकर लावून वस्ताद कुस्त्या बघायचे. पडद्यावरच्या पैलवानानं शड्डू ठोकला की समोर माझ्या दुकानाचं शटर धाडकन आपोआप खाली! विश्वास ठेवू नका, पण माझं कपाळावरचं टेंगूळ बघा.

एकदा तर गिऱ्हाईक आत असतानाच शटर पडलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता हा दुसरीकडं जायचा नाही. निवांत डिझाईन दाखवायला लागलो. गिऱ्हाईक आतनं शटर बडवत ओरडलं, "अवो उघडा, उघडा की! मला सर्जेरावांकडं जायचंय!"

* * *

घरात तरी माझी किंमत असावी की नाही? बायको म्हणाली, "सर्जेरावभावजींनी घरातल्या भाज्यांचं बी एक्सेल केलंय. आठवडाभर डोकं चालवायलाच नको. तुमच्या फोटोशॉपमधी हुतंय का?"

"फोटोशॉपमध्ये भाजीचा रंग बदलता येतो," मी म्हटलं.

"मग खा रंग!"

ती सर्जेरावांकडनं एक्सेल शिकून आली. सोमवारसमोर 'शेपू' लिहिलं. चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढलं की पुढचं आपोआप भरतं, हे तिला फार आवडलं. तिनं रविवारपर्यंत ओढलं.

गुरुवारी मी ताटावरनं उठलो. "अगं, अजून शेपूच?"

ती म्हणाली, "मी काय करू? कॉम्प्युटरमधी तसंच हाय."

भिंतीपलीकडं सर्जेरावांच्या घरातनं तांबड्या रश्श्याचा वास येत होता!

* * *

आणि मग अप्पांचा वाढदिवस आला. मी सगळी विद्या पणाला लावली. अप्पांची हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढली. टकलावर कुरळे केस लावले. मिशीला पीळ, छातीला भर, डोळ्यांत चमक. सर्जेरावांनी अप्पांचा आहे तो फोटो चौकोनात घातला. चौकोन रुंद होता, त्यामुळं अप्पा होते त्याहून थोडे आडवे झाले.

दोन्ही बॅनर अप्पांच्या गॅलरीसमोर, चौकात लागले. तेवढ्यात पेठ वडगावचा एक पाहुणा जोतिबाला जाताना चहाला थांबला. कुरळे केस, पीळदार मिशी.

पोरं माझ्या बॅनरकडं बघून ओरडली, "अप्पा आलं!"

"मी न्हवं, मी न्हवं!" पाहुणा म्हणतोय, आणि पोरांना वाटतंय अप्पा लाजायलेत! हलगी सुरू झाली. फेटा बांधला, हार घातला, केक कापला. खुद्द अप्पा दुकानातनं आले आणि गर्दीत मागं उभे राहिले.

"तम्मा, कोण मोठा माणूस आलाय रं?"

मी बॅनरकडं बोट दाखवलं. अप्पा बघतच राहिले.

सर्जेरावांच्या बॅनरपुढं काळं कुत्रं नव्हतं. सर्जेराव जवळ आले, खाली मान घालून म्हणाले, "भारी झालंय. हारलो मर्दा."

इतक्या दिवसांची माझी जळजळ एका घोटात थंड!

तेवढ्यात अप्पांच्या बायको, आक्का, औक्षणाचं ताट घेऊन खाली आल्या. माझ्या बॅनरकडं बघितलं. पाहुण्याकडं बघितलं. अप्पांकडं बघितलं. पदर सावरला आणि पाहुण्याला कुंकू लावलं.

मी छाती काढून विचारलं, "मग अप्पा, काम कुणाला?"

आक्कांवरची नजर न काढता अप्पा म्हणाले, "सर्जेरावला."

"अप्पा! माझं बॅनर भारी नाही का?"

"भारी हाय की! म्हणून तर. सर्जेरावच्या बॅनरवरल्या फोटूकडं आमची ही ढुंकून बी बघत न्हाय!"