एटेल्कानं रांग का ओलांडली

आमच्या खालच्या, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन बहिणी राहायच्या. एटेल्का थोरली, पिरोश्का धाकटी. दोघी नव्वदीच्या पुढच्या, आणि दिवसभर दोघींचं भांडण चाललेलं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ केवढ्या आवाजात लावायचा, सुपात मीठ किती. एडिनबरातल्या या जुन्या दगडी इमारतींमध्ये जिना सगळ्यांचा मिळून एकच असतो, त्यामुळे त्यांचं हंगेरियन भांडण थेट आमच्या दारापर्यंत यायचं. माझा नवरा गिरीश म्हणायचा, "मंजिरी, मला यातला एक शब्द कळत नाही, पण कोण जिंकतंय ते बरोबर कळतं." बहुतेक वेळा एटेल्काच जिंकायची.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आमची मालविका रांगत होती. पहिल्या दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले. पिरोश्कानं अनारसा हातात घेतला आणि त्यावरची खसखस बघून ती जवळजवळ ओरडलीच, "माक!" हंगेरीत म्हणे खसखशीशिवाय गोडाधोडाचं पानच हलत नाही. एटेल्कानं अनारसा उलटसुलट करून पाहिला, खाल्ला, "तूप जास्त झालंय" असा निकाल दिला आणि दुसरा उचलला. तेव्हापासून त्या दोघी मालविकाच्या आज्या झाल्या. एटेल्कानं जन्मभर एका दुकानात नवऱ्या मुलींचे ड्रेस मापात बसवून दिले होते. मालविकाच्या शाळेच्या प्रत्येक स्कर्टची उंची तिनंच ठरवली. पिरोश्का पोस्टाच्या काउंटरवर होती. लग्न दोघींनीही केलं नाही.

त्यांच्यावर काय गुजरलं ते मला पिरोश्कानं सांगितलं, तेही एका दमात नाही. कधी जिन्यात, कधी माझ्या किचनमध्ये. एटेल्का त्यातलं काही बोलायची नाही.

हंगेरीतल्या एका लहानशा गावात त्यांच्या वडिलांचं टोप्यांचं दुकान होतं. १९४४च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावातल्या सगळ्या ज्यूंना मालगाडीच्या डब्यांत कोंबून ऑश्विट्झला नेलं. वडिलांना त्याआधीच सक्तीच्या मजुरीवर पाठवलं होतं, ते परत दिसले नाहीत. फलाटावर उतरल्यावर एटेल्का पिरोश्काच्या कानात म्हणाली, "कुणी विचारलं तर सोळा सांग." पिरोश्का तेव्हा तेरा वर्षांची होती. तिनं सोळा सांगितलं, म्हणून कामाच्या रांगेत गेली. आई आणि छोटा भाऊ दुसऱ्या बाजूला गेले आणि त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये संपले. या दोघींचे कपडे काढून घेतले, डोकी भादरली. त्या गर्दीत दोघी एकमेकींना ओळखेनात. एटेल्का नावानं हाका मारत फिरत राहिली. शेवटी बहीण सापडली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाली, "तुझे कान केवढे मोठे आहेत गं!" हे सांगताना पिरोश्का अजूनही कानांवर केस ओढून घ्यायची.

शरद ऋतूत एक दिवस कारखान्याच्या कामासाठी बायका निवडल्या. एटेल्काला निवडलं. पिरोश्का वाळून गेली होती, तिला नाकारलेल्यांच्या रांगेत उभं केलं. त्या रांगेचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पहारेकरी वळला तेवढ्यात एटेल्का तिकडची रांग सोडून इकडे आली आणि पिरोश्काचा हात धरून उभी राहिली. पण त्या वेळी काहीतरी बदललं. त्या रांगेला गॅसकडे न नेता गाडीत भरून जर्मनीत बर्गन-बेल्सनला पाठवलं. का, ते कुणालाच कळलं नाही. तिथेही माणसं उपाशी आणि तापानं मरत होती. १९४५च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैनिक आले तेव्हा या दोघी जिवंत होत्या.

अनाथ मुलांना ब्रिटननं आसरा दिला, पण फक्त सोळा वर्षांखालच्या. एटेल्का तोवर सतरा पूर्ण होऊन गेलेली. या वेळी तिनं आपलं वय कमी सांगितलं. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या घरात इतर मुलांबरोबर त्यांना ठेवलं, आणि मग दोघी इथेच राहिल्या.

दरवर्षी जानेवारीत, ऑश्विट्झच्या मुक्तीदिनाच्या सुमारास, पिरोश्का शाळांमध्ये जाऊन हे सगळं सांगायची. दोन वर्षांपूर्वी ती मालविकाच्या शाळेत जाणार होती. मालविका नाचत घरी आली. "आई, पिरोश्काआजी आमच्या स्कूलला येणार! तो आमच्या असेम्ब्लीत बोलणार!" तिच्या मराठीत आजीचा कधी तो होतो, कधी ती. मी गाडीनं पोचवायचं ठरलं. निघताना बघते तर एटेल्काही कोट घालून, काठी घेऊन तयार.

"मालविकाची शाळा बघायचीय," ती म्हणाली.

हॉल भरला होता. पिरोश्का छान बोलली. मग ती रांगेच्या प्रसंगापाशी आली. "माझ्या बहिणीला जगायची संधी मिळाली होती," ती म्हणाली. "माझ्यासाठी तिनं ती सोडली. माझ्याबरोबर मरायला आली."

पहिल्या रांगेतून आवाज आला, "साफ खोटं!"

एटेल्का काठीवर जोर देऊन उठत होती. "मी कुणासाठी मरायला आले नव्हते. मी घाबरले होते. त्या दुसऱ्या रांगेत माझ्या ओळखीचं एक माणूस नव्हतं."

मुलं हसली. एटेल्काचं अजून संपलं नव्हतं.

"आणि बेल्सनचं ही सांगणारच नाही, मला माहीत आहे. मला टायफस झाला होता. ही बर्फ तोंडात वितळवायची आणि माझ्या तोंडात सोडायची. हजेरीला मला पाठीशी टेकवून उभी राहायची. स्वतः काडीसारखी होती. हे कोण सांगणार?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पिरोश्कानं मात्र घाईघाईत भाषण संपवलं. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली, घरी पोचल्यावर तिनं बहिणीला कोट काढायला हातही लावला नाही.

त्यानंतर खालून भांडण ऐकू येईना. इतकी शांतता मी त्या घरात कधी अनुभवली नव्हती. शेवटी एका दुपारी पिरोश्का वर आली आणि माझ्या किचनमध्ये बसून रडायला लागली.

"जन्मभर मी तिचं ऐकलं," ती म्हणाली. "खिडकी उघडी म्हणाली तर उघडी. आलेक होता, दातांचा डॉक्टर. मला मागणी घातली होती त्यानं, कॅनडाला जाऊ म्हणाला. मी नाही म्हटलं. जिनं माझ्यासाठी मरण पत्करलं तिला सोडून जाऊ कशी? आणि आता म्हणते, घाबरले होते!"

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. एटेल्का वर्षभरात जिना चढली नव्हती. मी धावत दार उघडलं. ती कठड्याला धरून धापा टाकत होती. आत येऊन बहिणीसमोर बसली, श्वास जागेवर येईपर्यंत थांबली.

"मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली, माझ्यादेखत म्हणून इंग्रजीत. "आई नाही, बाबा नाहीत. समोर तू दिसत होतीस. मला तुझ्याजवळ यायचं होतं, बस्स. विचार करायला वेळ कुठे होता?"

"मग इतकी वर्षं तसं बोलली का नाहीस?"

"तू शाळांमध्ये काय सांगतेस ते मला काय ठाऊक? मी कधी आले होते का?"

पिरोश्कानं डोळे पुसले. मग ती हळूच म्हणाली, "आलेकला मी तुझ्यामुळे नाही म्हटलं. तू एकटी पडशील म्हणून."

एटेल्का तिच्याकडे बघतच राहिली. "मी आले असते की कॅनडाला! मला विचारलं कुणी?"

क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण पिरोश्काला हसू फुटलं. ती टेबलावर डोकं ठेवून हसत राहिली, मग रडत, मग पुन्हा हसत. एटेल्कानं हात पुढे करून तिच्या कानामागे केस सारले आणि हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाली. मी ओट्याकडे वळून चहा टाकला. माझेही डोळे भरून आले होते.

पुढच्या हिवाळ्यात एटेल्काला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये जायला तिनं नकार दिला. डॉक्टर घरी येत, नर्स येत, आणि पिरोश्का पलंगाशेजारच्या खुर्चीतून हलायची नाही. शेवटच्या सकाळीही खिडकीवरून थोडी कुरबुर झाली म्हणे. दुपारी एटेल्का गेली. ज्यू रीतीप्रमाणे लगेच दफन झालं. पिरोश्कानं स्वतः फावड्यानं माती लोटली, मग गिरीशनं, मग मी.

तिनं शाळेत जाणं थांबवलं नाही. या जानेवारीतही मीच तिला पोचवलं. रांगेचा प्रसंग ती आता वेगळा सांगते. "माझी बहीण खूप घाबरली होती," ती म्हणते, "आणि घाबरली तेव्हा माझ्याकडे धावत आली." एका मुलीनं हात वर करून विचारलं, बहिणीची आठवण येते का? "येते ना," पिरोश्का म्हणाली. "फार हट्टी होती."

परत येताना तिला समुद्र बघावासा वाटला. पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर वारा इतका होता की गाडीचं दार उघडेना. आम्ही आतच बसून वाटेत घेतलेल्या गरम चिप्स खाल्ल्या.