रिकामा परत आलेला डबा

६ डिसेंबर. मेथी निवडायला बसले आणि शेजारी दिवाळी अंक उघडा ठेवला. त्यातली एक कथा काल वाचली, तेव्हा रागच आला होता. नवरा गेलेल्या बाईला शेजारणी रोज डबा देतात. ती तो धुऊन रिकामाच परत करते आणि खिडकीत बसून राहते. भाषा सुंदर आहे, पण लेखकाला घरातलं काही ठाऊक नाही, असं वाटलं. रिकामा डबा कोण परत करतं? निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

मग ओट्याकडे लक्ष गेलं. तळमजल्यावरच्या शालूताईंचे यजमान गेल्यापासून मी त्यांना रोज डबा नेऊन देते. तो तिथे होता, लख्ख घासलेला आणि रिकामा. याच शालूताई पूर्वी माझी वाटीसुद्धा लोणच्याशिवाय परत करत नसत. आता चूलच बंद, तर घालणार काय? मी त्यांना नुसतं घेणारी करून ठेवलं होतं.

लेखकाला घरातलं ठाऊक होतं तर. शेवट मात्र अजूनही पटत नाही. बाईला खिडकीत बसवून तो मोकळा झाला. मला रोज तोच जिना उतरायचा असतो.

७ डिसेंबर. सकाळी डब्याऐवजी मेथीची उरलेली जुडी घेऊन खाली गेले.

"शालूताई, एवढी निवडून द्या. मला कंटाळा आलाय."

त्यांनी जुडी उलटसुलट पाहिली. "किती जून आहे गं! तुला कोणीही फसवतं."

"मग उद्या तुम्हीच चला मंडईत."

"बघू." त्यांनी परात पुढ्यात ओढली. "निघालीस कुठे? बस, अर्धी तू घे."

मी चपला काढून समोर बसले.