फोन धरणारी भागीरथा

आमच्या घरी दिवाळीला फराळ नंतर, आधी नाच. हा माझ्या बायकोचा, भागीरथेचा कायदा. प्रत्येक नातेवाइकाला त्याच्या नावाचा वेगळा व्हिडिओ, आणि नाच जितका येडपट तितका चांगला. माझा भाऊ खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होता, त्याच्यासाठी मुलगा धर्मेंद्र डोक्यावर उभा डबा घेऊन चिमणी झाला आणि मी धूर. धूर कसा नाचतो, विचाराल. मी कुहीकडच्या खेड्यातल्या शाळेत सातवी शिकलेला माणूस, मला कोणी शिकवलं नव्हतं. पण असा निघालो की तिकडं वहिनी नुसतं पाहून खोकली म्हणे.

भागीरथेचा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करताना बाई वाकून मागं मागं सरकते, समोर हिरवी ओळ सोडत. आम्ही नागपुरात मुलाकडं आलो, पण तिचं मागं सरकणं काही सुटलं नाही. फोन तिच्याच हातात असायचा. आम्ही नाचत पुढं यायचो, ती सरकत मागं जायची आणि शेवटी कूलरवर आदळायची. व्हिडिओ असा हलायचा, की पाहणाऱ्याला खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत बसल्यासारखं वाटावं.

मला लाज वाटायची ती व्याह्यांची. आमची मिनल उमरेडच्या विणकर घरात दिली. ती जावयासोबत पुण्यात असते. व्याही भैयाजी उमरेडलाच, जन्मभर सरळ धागा पाहिलेला माणूस. ते हसत असतील, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी नातीला, धर्मेंद्रच्या अपेक्षाला म्हटलं की सारे जुने व्हिडिओ नीट कर. तिनं ते हलायचे थांबवले, मूळ आवाज काढून गाणं बसवलं आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून आधीचे पुसले. भागीरथेनं पाहिले. म्हणाली, छान झाले, आता तुम्ही सारे चांगले दिसता.

आषाढात ती गेली. तीन दिवसांचा ताप.

या दिवाळीच्या तोंडावर मिनलचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आई नाचतानाचा एक व्हिडिओ पाठवा. मले दुसरं काही नको."

दोन दुपारी मी आणि अपेक्षा शोधत बसलो. मी होतो, धर्मेंद्र होता, डबा होता. भागीरथा एकातही नव्हती. मग अपेक्षाच्या हातातला फोन खाली आला.

"आजोबा, आजी मागून नाचत होती. ते हलणं म्हणजेच आजी होती. आणि ते मी काढून टाकलं."

पोरगी रडायला लागली. तिचा काय दोष, सांगणारा मी.

मूळ व्हिडिओ आता ज्यांना पाठवले त्यांच्याकडंच असले तर. मिनलचा फोन बदललेला. भावाचा पाण्यात पडलेला. राहिले भैयाजी, ज्यांना फोनमधलं काही पुसताच येत नाही. सकाळच्या एसटीनं उमरेड गाठलं. त्यांनी चहा सांगितला आणि तीन वर्षांपूर्वीचा, त्यांच्या नावाचा व्हिडिओ काढला.

"हा मी अर्ध्या उमरेडले दाखवला गा," ते म्हणाले. "इहीनबाई दिसत नाहीत, पण कशा नाचून राहिल्या पाहा."

त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं.

व्हिडिओत मी हातमाग झालो होतो आणि धर्मेंद्र धोटा होऊन इकडून तिकडं पळत होता. चित्र डुलत डुलत मागं जात होतं. बांगड्या वाजत होत्या. पदर तोंडात धरून हसल्यावर येतो तसा तिचा आवाज. मी फोन डोळ्यांजवळ नेला, आणि त्यातून माझाच आवाज आला.

"काहून हलवून राहिली वं? नीट धर."

त्यानंतर तो व्हिडिओ बराच वेळ चालतो. चित्र जरासुद्धा हलत नाही.

भैयाजींनी विचारलं, मिनलले पाठवण्याआधी तुमच्या बोलण्यापासून पुढचं कोणाकडून कापून घ्यायचं काय. मी म्हटलं, नको. पूर्ण पाठवा.