एका टँकमध्ये एकच फायटर

मासे पाळले की मन शांत होतं म्हणे. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मासा एकच आणायचा होता, पण किस्से इतके साचले की मैत्रिणी हल्ली "कशी आहेस?"च्या आधी "मासा काय म्हणतो?" विचारतात. हडपसरच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत माझ्यात बोलायचंही त्राण नसतं. तरी सांगते.

मुळात हा घाट बाबांसाठी. पूर्वी त्यांचा मोठा टँक होता. कंबर दुखायला लागली, बादल्या उचलणं थांबलं आणि तो देऊन टाकला. मग ते रिटायर झाले आणि टीव्हीसमोर बसायला लागले. बंद टीव्हीसमोर! मला दचकायला एवढं पुरे. ठरवलं, ऑल-इन-वन किट आणायचं. टँक छोटा, दिवा-पंप सोबतच, आणि फिल्टर काचेच्या मागच्या काळ्या कप्प्यात. उचलाउचली नाही.

नारायण पेठेत बापट काकांचं माशांचं दुकान. बाबांना सोबत नेलं. मी इतके रिव्ह्यू बघून गेले होते की डोळ्यांसमोर बुडबुडेच दिसत होते.

"काका, यात सगळं येतं ना?"

"पाणी येत नाही."

"आणि काच फुटली तर?"

"तर येतं."

मला एक गोल काचेचं मॉडेल आवडलं होतं. बाबा पहिल्यांदाच बोलले, "गोल काचेतून मासा जाडा दिसतो."

"काहींना तेवढंच समाधान असतं," बापट काका म्हणाले. आम्ही चौकोनी घेतलं.

आता मासा लगेच सोडता येत नाही. पाणी मुरावं लागतं, म्हणून काही आठवडे टँक रिकामाच चालवायचा. दिवा चालू, पंप चालू, आत कोणी नाही. शेजारच्या लेले काकू बघायला आल्या. चष्मा लावून, वाकून, बराच वेळ बघत राहिल्या. आता यांना काय सांगायचं, या विचारानेच मला घाम फुटला.

काकू सरळ झाल्या. "छान आहे हो. जरा लाजाळू दिसतोय."

कोणाचीच त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "आज आला का बाहेर?"

मग एकदा वर्क फ्रॉम होम होतं. मीटिंगमध्ये माझी बोलायची पाळी आली आणि मागून भयंकर घरघर! मी खुर्चीतून उडाले. मागच्या कप्प्यातलं पाणी आटून पंप हवा ओढत होता. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तुझ्याकडे कोणी गुळण्या करत असेल तर होऊ दे. आम्ही थांबतो."

त्या दिवसापासून रोज सकाळी त्या कप्प्यात पाणी घालायचं काम आईने घेतलं. म्हणाली, "तुळशीला घालतेच, याला पण घालते."

शेवटी मासा आला. निळा फायटर. बापट काकांनी बजावलं, "एका टँकमध्ये एकच. दुसरा सोडलात तरी एकच उरेल."

बाबांनीही बजावलं, "हा शेवटचा हं. हा गेला की टँक माळ्यावर."

पण आठवड्याभरात ते त्याला पेपर वाचून दाखवायला लागले. खेळाचं पान त्याला आवडत नाही म्हणे. मी आतल्या खोलीतून ऐकायचे आणि मलाच धास्ती वाटायची. एवढासा जीव, आणि माझ्या बाबांचं सगळं बोलणं त्याच्यावर टांगलेलं.

आणि परवाच्या रविवारी सकाळी टँकमध्ये मासा नाही!

झाडांमागे बघितलं, सोफ्याखाली बघितलं. कुठेच नाही. बाबा फिरायला गेले होते. परत येतील, रिकामा टँक बघतील, माळ्यावर चढवतील, आणि मग पुन्हा तो बंद टीव्ही. मी चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच नारायण पेठ गाठली.

"काका, निळा फायटर. अगदी आमच्यासारखाच. शेपटी पण तेवढीच."

बापट काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आज निळ्याला फार मागणी आहे," एवढंच बोलून त्यांनी पिशवी बांधून दिली.

घरी आले तर बाबा टँकसमोर उभे. पायात चपला, दोन्ही हात पाठीमागे.

"कुठे गेली होतीस?"

"दूध आणायला."

"दूध हलतंय पिशवीत."

"बाबा, तुमच्या मागे काय गळतंय?"

त्यांनी हात पुढे केला. पिशवीत निळा फायटर. "तुला कळलं असतं तर आठवडाभर जेवली नसतीस," ते पुटपुटले.

तेवढ्यात आई तांब्या घेऊन आली. तिने मागच्या कप्प्याचं झाकण उचललं आणि थबकली. "तुम्ही दोघं पिशव्या घेऊन काय उभे आहात? हा इथे मागे का बसलाय, ते आधी सांगा."

आम्ही तिघांनी वाकून बघितलं. आतून त्यानेही आमच्याकडे बघितलं.

बाबांनी फोन लावला. "बापट, तसली अजून दोन किटं मिळतील का हो?"

फोनमधला आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"सकाळीच बाजूला काढून ठेवलीत!"