द्वारकाकाकूंची नोटीस

द्वारकाकाकू स्वतःच्याच घराचा जिना विचारून चढत. खालच्या पायरीवरून हाक यायची, "येऊ का मॅडम?" परभणीतली पहिली नोकरी लागल्यावर मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, मोजकं बोलणारी. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी फक्त "या" एवढंच म्हणत असे.

एका खोलीसाठी भाडेकरार लिहून, त्याची नोंदणी करून घेणाऱ्या आमच्या गल्लीत त्या एकट्याच. शेजारणी हसत. काकू म्हणत, "मला वाचता येत न्हाई, म्हणून तर कागद लागतो. तोंडी बोललेलं सकाळी याद ऱ्हाईल का कुणाला?"

एकदा महिना संपायला आठ दिवस उरले असताना त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. एक तारखेपासून दुप्पट भाडं घे, नाहीतर खोली खाली करून घे. काकूंचा फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला वर सगळं ऐकू आलं. दुप्पट भाडं मला झेपणार नव्हतं आणि खोली गेली की वडील घरी परत बोलावणार, हेही ठाऊक होतं.

थोड्या वेळाने काकू साडीच्या दुकानाच्या पिशवीतून करार घेऊन वर आल्या. "वाच. तुझ्या बाजूचं बी वाच, माझ्या बाजूचं बी."

मी अडखळत वाचलं. भाडं वाढवायचं किंवा जागा रिकामी करून घ्यायची, तर एक महिना आधी लेखी सूचना द्यायची.

"म्हंजे ह्या एक तारखेला न्हाई."

"पण काकू, तुमचा मुलगा..."

"त्यो पुण्यात बसून बोलायलाय. आमी ताडकळसला किरायानं होतो, तवा बाजारातून आले तर भांडी अंगणात फेकलेली. ह्योच पोरगा कडेवर होता माझ्या. आता लिव नोटीस."

"कुणाला?"

"तुला! मला येतंय का लिवायला?"

मग मी माझ्याच नावाने, माझ्याच अक्षरात नोटीस लिहिली. घासाघीस मला जमत नाही, म्हणून मुलाने सांगितलेला आकडाच टाकला. वाचून दाखवल्यावर काकू उसळल्या. "आगं येडे, घर माझ्या नावावर हाय का त्याच्या? तुला तोंड हाय की न्हाई?"

मी कशीबशी म्हणाले, "दुप्पट नाही जमणार. दहावा हिस्सा वाढवा."

"हां. असं बोलावं माणसानं." मी आकडा बदलला आणि त्यांनी अंगठा उठवला. संध्याकाळी मुलाला फोनवर सांगत होत्या, "दिली की नोटीस! कायद्यानं दिली. मॅडमनीच लिवली."

दोन वर्षांनी माझी लातूरला बदली झाली. खोली सोडण्याची महिन्याची नोटीस मी लिहिली खरी, पण तारखेची जागा कोरी सोडून तीन दिवस पर्समध्येच ठेवली. शेवटी तारीख टाकून स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवली. काकूंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"तारीख कुठली टाकली?"

"आजची."

"आज अमावश्या हाय. उद्याची टाक."

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. कॅलेंडर त्यांच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. मी वर जाऊन नवा कागद घेतला आणि त्यावर उद्याची तारीख टाकली.