आपापलं नाव सापडलं, रक्तगट सापडेना

“मॅडम, तुमचं मशीन ग्रुप मागितला का लगेच अडतंय!” आमच्या शहापूरच्या रक्तदाता मंडळाचे सेक्रेटरी भोईरकाका दारातच म्हणाले. आत बाकावर डोळखांबकडचा एक तरुण बसला होता. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह दाता लगेच हवा होता.

“ताई, कोणी भेटंल ना?” त्याने विचारलं.

मंडळाची माहिती मी नुकतीच फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्राममधून नव्या एसक्यूएल सर्व्हरवर नेली होती. काकांची अट एकच, रकान्यांची नावं जुनीच पाहिजेत. म्हणून रक्तगटाच्या कॉलमचं नाव ‘ग्रुप’ राहिलं. जुन्या सिस्टीमने ते चालवून घेतलं होतं. उद्घाटनाला नारळ फुटला आणि ज्याने त्याने आपापलं नाव शोधलं. सापडलं की टाळ्या. रक्तगट शोधून बघू म्हटलं, तर काका म्हणाले, “आधी सरपंचांचं नाव काढा!” मग पेढे आले आणि ते राहूनच गेलं.

स्क्रीनवरचा एरर वाचला आणि जीव भांड्यात पडला. एसक्यूएलने काही शब्द स्वतःच्या हुकमांसाठी ठेवलेले असतात, एसटीतल्या राखीव सीटसारखे. ‘ग्रुप’ त्यातलाच. तिथे आपला कॉलम बसवला की कंडक्टर उठवणारच.

“मग सगळं परत लिवायचं?” काका घाबरले.

“नाही हो. खिडकीतून रुमाल टाकायचा.”

त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस घातले, की सर्व्हर समजतो, हा कॉलम आहे. ओळ सुधारून एंटर मारला. तीन नावं आली. त्यातलं एक किन्हवलीच्या बंडूचं.

तेव्हा मोबाइल थोड्यांकडेच होते. काकांनी किन्हवलीच्या पीसीओवर फोन लावला. “बंडू शेतावर हाय,” दुकानदार म्हणाला, “सायकलवर धाडतो कोणाला.”

बंडू जीपने आला, तो चिखलाच्या पायांनीच. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, बाई वाचली. मला रडूच फुटलं. काकांनी उरलेले पेढे काढले. ते कडक झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलमचं नाव ‘ब्लडग्रुप’ असं जोडून केलं आणि काकांनीच ते वहीत टिपून घेतलं. नवीन सिस्टीम सुरू होताना मी आजही नारळ फोडू देते. पण पहिला शोध मी घेते, आणि तो कोणाच्याही नावाचा नसतो.