मानेत किंचित दुरुस्ती

आमच्या चौकातल्या वाहतूक बेटावर काय उभारायचं यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी चक्क म्हैस मंजूर झाली. म्हैस आणि तिच्या कासेशी चरवी घेऊन बसलेला गवळी. कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला याहून जवळचं काय असणार? पैसे वॉर्डाच्या सुशोभीकरणाच्या निधीतून येणार होते. काम माझ्याच एका जुन्या वर्गमित्राला मिळालं होतं. समितीत एक तज्ज्ञ लागतो, म्हणून चित्रकलेचा मास्तर या नात्यानं मला घेतलं. तज्ज्ञ हा शब्द माझ्या डोक्यात गेला, हे आधीच सांगून टाकतो.

पद्धत अशी, की शिल्पकारानं आधी मातीत पूर्ण आकाराचं काम करायचं, समितीनं येऊन ते पसंत करायचं, मगच त्याचा साचा काढून ब्राँझ ओतायचं. पसंतीचा कागद होईपर्यंत माती ओली ठेवावी लागते, नाहीतर तडे जातात. आणि निधी मार्चअखेरपर्यंत वापरला नाही तर परत जातो. हे सगळं समितीतल्या पालिकेच्या अभियंत्यांनी मित्राकडे काम बघायला जाताना जीपमध्ये मला समजावून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मित्राच्या बायकोनं ओली पोती बाजूला केली आणि म्हैस दिसली. मान अर्धी वळवून ती धार काढणाऱ्याकडे बघत होती, घरच्या माणसाकडे बघावं तशी. मला आत कुठेतरी टोचलं. कलाशाळेत या मित्राची चित्रं भिंतीवर लागायची आणि माझी गुंडाळून घरी यायची. त्यानं पोटाला चिमटा काढून माती धरून ठेवली, मी नोकरी धरली. एकेकाळी मला 'लेका' म्हणणारा तो त्या दिवशी सगळ्यांसमोर 'सर' म्हणाला. खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं.

अभियंत्यांना काम पसंत पडलं. शेजारच्या तालमीचे अध्यक्ष समितीत होते, त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि आता फक्त धार काढायची बाकी आहे म्हणाले. मग कागद माझ्याकडे आला. 'तज्ज्ञांचा अभिप्राय' असा वेगळा रकाना होता. मीही नुसतं 'योग्य' लिहिलं तर मी आलो तरी कशाला? एक डोळा मिटून मी मागे सरलो, पुढे झालो, हनुवटी खाजवली आणि लिहिलं, 'मानेत किंचित दुरुस्ती आवश्यक.'

त्यानं ते वाचलं आणि नेमकं कुठं, असं विचारलं. मी हवेत हात फिरवून वळण जरा जास्त झालंय म्हणालो. त्यानं कागद मला परत दिला. मग "बघतो, सर," एवढंच म्हणाला.

अभिप्रायात दुरुस्ती आली की समितीनं पुन्हा येऊन बघायचं, असा नियम. मी धरून चाललो होतो, आठवडाभराचा उशीर. कुणाची रजा, कुणाची बैठक असं होत होत आम्ही गेलो तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. निधी परत गेला होता. यंदाच्या निधीत पुन्हा बसवू, तोवर पसंती देऊन ठेवू, असं अभियंत्यांचं म्हणणं पडलं. मी मान चारी बाजूंनी पाहिली आणि उदारपणे म्हणालो, "आता जमलं." फरक पडलाय, असं अध्यक्षांनाही वाटलं.

मित्र खाली बघत हाताची माती सोलत होता. त्याची बायको बादलीत पोतं पिळत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मानंला हात न्हाय लावला त्यांनी. मी नुसतं सांजसकाळ पाणी मारत हुते. आमची म्हस अशीच बघती की वळून, धार काढताना."

अध्यक्ष फोन कानाला लावून बाहेर गेले. मी 'योग्य' लिहून सही केली.

पण त्या वर्षीचा निधी त्याच बेटावरच्या कारंज्याला गेला. रंगीत दिव्यांचं कारंजं आहे, बहुतेक वेळा बंदच असतं. दिवाळीनंतर मित्राचा निरोप आला, शाळेतल्या पोरांसाठी माती घेऊन जा. टेम्पो घेऊन गेलो तर म्हैस नव्हती. तिचे तुकडे हौदात भिजत पडले होते आणि तो फावड्यानं पोती भरत होता.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "मानेत काही नव्हतं."

"ठाऊक हाय. तवाच ठाऊक हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तज्ज्ञ तू हुतास की," तो म्हणाला आणि पोत्याचं तोंड बांधायला वाकला.

ती माती आता शाळेच्या कोठीत, ओल्या पोत्याखाली आहे. मुलं तिचे बैल करतात, गणपती करतात आणि परत मोडतात. पोतं भिजवायचं काम शिपाईमामांचं, पण मी ते त्यांना करू देत नाही. मे महिन्याच्या सुट्टीतही किल्ली मागून घेतो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जातो आणि पाणी मारतो.